एक हेक्टोपास्कल कुठे गेला?

सोलापूरच्या एका हवामान केंद्रावर हवेचा दाब चुकतोय, हे सोलापुरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कळलं ते बाहेरून. जागतिक हवामान संघटनेच्या देखरेख व्यवस्थेत युरोप, अमेरिका, जपान आणि जर्मनीची केंद्रं प्रत्येक हवामान ठाण्याचा दाब आपापल्या संगणकी मॉडेलशी ताडून बघतात. शहराबाहेरच्या या स्वयंचलित केंद्राचा आकडा सगळ्यांनाच सुमारे 1 हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) कमी दिसत होता. एकालाच दिसला असता तर मॉडेलवर ढकलून मोकळं होता आलं असतं.

एक म्हणजे किरकोळ वाटतं. पण पावसाळ्यात दख्खनवर दाबाचा उतार इतका मंद असतो की नकाशावर सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या समदाब रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलवर काढतात. एवढ्या चुकीने रेषा अर्ध्या घराने सरकते. शिवाय जागतिक हवामान संघटनेच्या 2021च्या ठरावानुसार आपण देतो तो मूलभूत डेटा सगळ्या देशांना मोफत जातो. दिल्लीच्या दूरसंचार केंद्रातून काठमांडू, ढाका, कोलंबोलाही. म्हणजे चूकही मोफतच जाते.

पहिला संशय घड्याळावर. लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं यंत्र, भारतीय वेळेवर, संदेश जागतिक वेळेवर, हा साडेपाच तासांचा घोळ नेहमीचाच. पण आपल्याकडे दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. घड्याळ चुकलं असतं तर फरक कधी अधिक, कधी उणा आला असता. इथे अहोरात्र उणाच. सेन्सर जुना झाला की फरक महिनोन्‌महिने सरकत जातो. हा मात्र एका तारखेला एकदम खाली आला होता. वर गेलं की दाब कमी होतो, म्हणजे बहुधा सेन्सरची उंची बदललेली.

तपासणीचा फिरता बॅरोमीटर पोचल्या पोचल्या वाचायचा नसतो. मे महिना, बाहेर 42 अंश. यंत्र तासभर सावलीत थंडावू द्यायचं, केंद्राच्या सेन्सरच्या नेमक्या पातळीला ठेवायचं, मग दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहायचे. पण सेन्सरची पेटी तळमजल्याच्या खोलीत नव्हतीच. वॉचमन मामा म्हणाले, "ती वर गच्चीवर नेली की वो साहेब, रंगकामाच्या टायमाला." ठेकेदाराच्या माणसांनी उचलली, लांब केबल जोडली, कागदावर काहीच नाही. गच्चीवर दोन्ही यंत्रं 0.1च्या आत जुळली. सेन्सर निर्दोष.

मग मोजणी. उपग्रहावरून काढलेली कच्ची उंची इथे भरवशाची नाही. ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि दख्खनमध्ये तो समुद्रसपाटीच्या 60 मीटरांहून जास्त वर आहे. म्हणून कठड्यावरून टेप सोडला आणि पायथ्यापासून बेंचमार्कच्या, म्हणजे पक्की उंची ठाऊक असलेल्या, दगडापर्यंत गवंड्याचा लेव्हल पाईप लावला. पाइपात बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं. टिचक्या मारून तो आधी काढावा लागतो. पेटी जुन्या जागेपेक्षा 9.2 मीटर वर निघाली. इथला दाब साधारण 950 आणि हवा 35 अंश धरली तर मीटरमागे 0.105 हेक्टोपास्कल कमी होतो. गुणाकार 0.97.

आता दुरुस्ती कुठे करायची? ठाण्यांची माहिती ठेवणाऱ्या 'ऑस्कर' नोंदवहीत उंची बदलणं सोपं होतं. पण गच्चीवर वारा पेटीतली हवा ओढतो-ढकलतो. सेकंदाला 10 मीटर वाऱ्याला अर्धा हेक्टोपास्कल सहज इकडेतिकडे होतो, आणि आषाढात सोलापुरात वाऱ्याला तोटा नाही. त्यामुळे पेटीच खाली आणली, नोंदवही तशीच ठेवली. उत्साहाच्या भरात दोन्ही केलं असतं तर आकडा 1ने वर गेला असता आणि तीच केंद्रं पुन्हा विचारायला आली असती.

मधल्या काळातला डेटा परत बोलावता येत नाही. पेटी वर गेल्याची तारीख फरकाच्या आलेखावरून, खाली आल्याची आमच्या नोंदीवरून काढून दोन्ही कळवल्या. हवामानाचं पुनर्विश्लेषण करणारे, म्हणजे जुन्या नोंदी मॉडेलमधून पुन्हा तपासणारे, एवढ्यावरून तो टप्पा दुरुस्त करू शकतात किंवा वगळू शकतात.