काकूंची मापं

सोलापूर, एप्रिल

घरातली बाई गेली की सगळे तेच बोलतात. फार सोशिक होत्या, हाताला चव होती, दारात आलेल्याला कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. काकूंबद्दलही हेच बोललं गेलं आणि ते खरंच आहे. पण एवढ्यावरून त्या कोण होत्या ते कळत नाही. गिरणीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार त्यांनी ओढला तो नुसत्या सोशिकपणावर नव्हे. त्यांना मापं माहीत होती. किती दाण्यांना किती तिखट, किती माणसांना किती पाणी, कुठल्या महिन्यात काय भरायचं आणि कशाला हात लावायचा नाही. ती मापं कुठल्याच वहीत नाहीत, म्हणून आज इथे लिहून ठेवतो आहे.

आधी गिरणीतल्या कामाच्या पाळीचं लिहायला हवं, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरायचं. १८७७ साली कापडाची जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा होता. गिरणी कामगाराच्या बायकोचा दिवस सूर्यावर चालत नसे, नवऱ्याच्या पाळीवर चाले. पहिली पाळी असली की भाकरी पहाटे, दुसरी असली की दुपारच्या डब्यात, आणि रातपाळीच्या आठवड्यात खरी परीक्षा. माणूस सकाळी येऊन झोपणार, घरात खोल्या दोनच, आणि मुलं चार. काकूंनी कामांची वाटणी आवाजावरून केली होती. रातपाळीच्या आठवड्यात उखळ बंद, पत्र्याच्या कोठ्या उघडणं बंद, पितळी भांडी घासणं दुपारी चारनंतर. त्या आठवड्यात धान्य निवडायचं, वाकळ शिवायची, फाटकं-तुटकं सांधायचं. कुटायचं, कांडायचं, आपटायचं ते सगळं पहिल्या पाळीच्या आठवड्यात, काका बाहेर असताना. शेंगाची चटणी महिन्यातून एकदाच का व्हायची, याचं उत्तर या वेळापत्रकात होतं.

आता ज्वारी. सोलापूरकडची ज्वारी म्हणजे रब्बीची मालदांडी, त्यातही मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली असेल तर विचारायलाच नको. परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, जमिनीतल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चला निघते. सहा माणसांत दिवसाला अठरा-वीस भाकरी, म्हणजे सव्वा ते दीड किलो पीठ. वर्षाचा हिशोब साडेचार ते साडेपाच क्विंटल होतो, काकू पाच पोती घ्यायच्या. पारख अशी: दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा, चकाकी असलेला. दाताखाली धरला की कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर आत ओल आहे, आणि ओल असलेली ज्वारी पावसाळ्यात हमखास सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, धरते. काळपट ठिपका दिसला तर ती काढणीच्या वेळी पावसात सापडलेली, भाव कितीही कमी असला तरी घ्यायची नाही. आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्यायची, रात्रभर पसरून गार होऊ द्यायची आणि मगच कोठीत भरायची. ऊन्ह-ऊन्ह भरली तर कोठीच्या पत्र्याला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. भरताना थराथरात कडुलिंबाचा वाळलेला पाला. पाला पूर्ण वाळलेला हवा, हिरवा घातला तर तो स्वतःच ओल सोडतो.

दळण चार-पाच दिवसांचंच, सहा-सात किलो. एकदम पंधरा किलो दळून आणलं की फेऱ्या वाचतात, पण आठ-दहा दिवसांनी पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापताना कड फुटते, उचलताना मधूनच तुटते. पिठाच्या गिरणीत ‘ज्वारीवरच दळा’ असं सांगायचं, आधी गहू किंवा हरभरा दळला असेल तर थांबायचं. गरम पिठाच्या डब्याला लगेच झाकण लावायचं नाही. विरी गेलेलं पीठ पदरात पडलंच, तर उकळत्या पाण्यात कालवून उकड करायची, झाकून पाच मिनिटं ठेवायची आणि मग मळायची. भाकरी होते, पण ताज्या पिठाची सर येत नाही.

भाकरीत चुका नेमक्या तीन जागी होतात. पहिली काटवटीत, म्हणजे लाकडी परातीत: एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्यायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या चार भाकरी चिरतात. दुसरी तव्यावर: पिठाची बाजू वर ठेवून टाकायची आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. उशीर झाला तर वरचं पीठ भाजून पांढरं राहतं. पाणी जास्त झालं तर उलटल्यावर तव्याला चिकटते. आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, पार सुकू दिलं तर भेगा पडतात. तिसरी कडेला: कड जाड राहिली की भाकरी फुगत नाही, वाफ एका बाजूनं निसटते. काकूंची बोटं थापताना मध्यावर फार रेंगाळायची नाहीत, सारखी कडेकडेनं फिरायची.

कडक भाकरी हे आमच्या गावाचं लेणं. उन्हाळ्यात आमटी-कालवण सकाळचं दुपारी आंबतं, पण कडक भाकरीला काही होत नाही. पंढरपूरला निघालेल्याच्या पिशवीत हीच. पिठात थोडं मीठ, वरून पांढरे तीळ, आणि रोजच्या भाकरीपेक्षा निम्मी जाड. दोन्हीकडून भाजून झाली की तिथे थांबायचं नाही. मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं उरलेलं पाणी काढायचं, नंतर चुलीच्या कडेला उभ्या लावून रात्रभर ठेवायच्या. सकाळी मधोमध मोडून बघायची. टक्‌कन मोडली तर डब्यात, वाकली तर परत तव्यावर. मधे ओल राहिलेली एक भाकरी सगळ्या डब्याला बुरशी लावते. नीट वाळलेली, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर महिनाभर टिकते. खाताना दही, शेंगाची चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार, नाहीतर गरम आमटीत कुस्करून.

चटणीचं माप काकूंनी कितीतरी जणींना सांगितलं. एक किलो दाणे, शंभर ग्रॅम तिखट, सोललेला लसूण शंभर ते सव्वाशे ग्रॅम, मीठ पस्तीस-चाळीस ग्रॅम, जिरे दोन मोठे चमचे. सगळ्यात जास्त वेळ दाण्यांना. मंद आचेवर, सतत हलवत. मोठ्या आचेवर साल काळी पडते आणि दाणा आतून कच्चा राहतो, मग चटणी आठ दिवसांत खवट लागते. साल पूर्ण काढायची, राहिली तर कडवट चव येते. लसूण धुवायचा नाही. धुतलाच तर सावलीत दिवसभर सुकवायचा, कारण पाण्याचा थेंब गेला की चटणी गेली. उखळात आधी लसूण, जिरे, मीठ आणि तिखट एकजीव करायचं, मग दाणे थोडे थोडे घालून कुटायचं. मुसळाच्या दाबानं दाण्यातलं तेल हळूहळू सुटतं आणि चटणी आपोआप गोळा धरते, वरून तेल घालावं लागत नाही. मिक्सरचं पातं फार वेगानं फिरतं आणि तापतं, त्यामुळे एक तर भुगा होतो नाहीतर पिठलं. मिक्सरच वापरायचा असेल तर एका वेळी पाव किलोच घालावं आणि क्षणभर फिरवून थांबवावं, असं सात-आठ वेळा. माझ्या मते तरी उखळाला पर्याय नाही.

पाण्याबद्दल सोलापूरच्या बाईला कुणी शिकवायला नको. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानंच येतं, तेही अवेळी. काकूंचा हिशोब चार दिवसांचा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे सहा जणांना चार दिवसांचे एकशेवीस लिटर. हे हंडे-कळशीत, झाकून, ओट्यावर. वापरायला माणशी पंचवीस लिटर, म्हणजे सहाशे. त्यासाठी दोनशे लिटरची तीन पिंपं. नळ आला की पहिलं गढूळ पाणी बादल्यांत, फरशीला आणि मोरीला. पाणी निवळलं की आधी प्यायचे हंडे, मग पिंपं. हा क्रम कधी मोडायचा नाही, कारण पाणी कधी जाईल याचा भरवसा नसतो. आणि पिंपभर वापरायचं पाणी असून प्यायला घागर नाही, अशी वेळ वाईट. पावसाळ्यात पाणी लाल आलं की तुरटीचा खडा हंड्यात दहा-बारा फेरे फिरवायचा, रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं आणि तळातला गाळ झाडाला.

पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून काथ्यानं घासायची. नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेला, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की उबवतात. उन्हाळ्याच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून घासण्याचं अंतर आठवड्याचं. काकूंना डासाचं नाव ठाऊक नव्हतं, पण ‘कडेला बोट फिरवून बघ, खरखरीत लागतंय का’ हे त्या सुनेला सांगायच्या.

तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, धुण्याचं शेवटचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या भिजवणाला. सोलापुरी चादर मात्र वेगळी आणि थंड पाण्यात. पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते, म्हणून तिच्याबरोबर दुसरं काही नाही. पिळायची नाही, दोरीवर घालून निथळू द्यायची, आणि वाळवायची सावलीत.

जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा. त्यांच्या नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर, चालणाऱ्यांना पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा सदरा, लागते, आणि ती शुभ्रच हवी. नीळ आधी वाटीभर पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायची आणि मग बादलीत घालायची. थेट टाकली तर निळे डाग पडतात आणि अक्षतांच्या, म्हणजे जत्रेतल्या लग्नसोहळ्याच्या, दिवशी ते दुरूनही दिसतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. त्या दिवशी काकू ज्वारीला हात लावत नसत.

मुलांच्या बाबतीत त्या सगळ्यात सावध असायच्या जूनमध्ये. पहिला पाऊस पडतो, नळाला गढूळ पाणी येतं, माशा वाढतात, आणि चाळीत एकामागून एक मुलांना जुलाब सुरू होतात. त्यांचं माप दवाखान्यातल्या बाईंनी दिलेलं होतं आणि त्यात त्या चिमटीचाही बदल करत नसत. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, साखर सपाट सहा चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सुरीनं वरचं काढून टाकलेला. मीठ जास्त झालं तर लहान जिवाला ते घातक ठरतं, म्हणून आधी चव घ्यायची. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून नवं करायचं. ओकारी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, बाळाची टाळू खाली बसली, सहा तास लघवी नाही किंवा मूल सुस्त पडलं, तर घरात थांबायचं नाही. रातपाळी असो की सणवार, काकू मूल उचलून निघायच्या, आणि शेजारचं असलं तरी निघायच्या.

शेजारी तेलुगू अक्का होत्या, त्या विड्या वळायच्या. दुपारी दोघी एकाच उंबऱ्यावर बसत. रात्री पानं ओल्या पोत्यात, सकाळी फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, तोंड मुडपायचं. पंचवीसचा कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. त्यासाठी दिवसाचे दहा-बारा तास. पान खराब मिळालं तर तेवढ्याच वजनात हजार भरत नाहीत, आणि कमी पडणारं पान पदरच्या पैशानं आणावं लागतं. वर छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, निघते ती वेगळीच. गिरणी बंद पडली तेव्हा काकूही अक्कांकडून हे शिकल्या. वर्षाच्या आत त्यांच्या मानेचं दुखणं सुरू झालं आणि ते अखेरपर्यंत गेलं नाही. याबद्दल बोलताना लोक ‘हातभार लावला’ म्हणतात. मला तो शब्द फार अपुरा वाटतो. त्या काळात घरात येणारा ठरलेला पैसा तेवढाच होता.

त्या पैशाची भिशी. बारा जणी, प्रत्येकीचे महिन्याला शंभर, म्हणजे दर महिन्याला एकीला बाराशे. भिशी बुडते ती एकाच कारणानं: आधी उचललेली बाई पुढचे हप्ते चुकवते. म्हणून काकूंच्या भिशीत चिठ्ठ्या नव्हत्या. जिचा नवरा पितो किंवा जिचं भाड्याचं घर सारखं बदलतं तिला शेवटचे महिने, आणि हे तिला आधीच, एकटीला गाठून, न दुखावता सांगितलेलं असायचं. दवाखान्याची अडचण आली तर क्रम बदलायचा, पण सगळ्यांसमोर. शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी जून मागणाऱ्या पुष्कळ असत. काकूंनी स्वतःसाठी मार्च ठेवला होता. तेव्हा नवी ज्वारी बाजारात उतरते, भाव वर्षातला सगळ्यात खाली असतो, आणि पोती आणून उन्हात घालायला पुढे दोन महिन्यांचं कडक ऊन असतं.