अंगठा लागत नाही तेव्हा : आबांच्या ई-केवायसीचा माझा अनुभव

रेशनकार्डाच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेण्यासाठी, वडिलांना, आबांना घेऊन रास्त भाव दुकानात गेलो, तेव्हा ठसा घेणाऱ्या ई-पॉस यंत्रावर त्यांचा एकही ठसा जुळेना. कोल्हापुरात सुभाषनगरात आबांचा उभा जन्म चामडे कापण्यात आणि चपला शिवण्यात गेला. बोटांवरच्या रेघा रापीने आणि दोऱ्याने केव्हाच झिजवल्या आहेत. दुकानदाराने बोटे ओल्या फडक्याने पुसायला लावली, अंगठा सोडून तर्जनी आणि मग मधले बोट टेकवून पाहिले आणि शेवटी ‘अंगठा लागत नाही, आधार अपडेट करून आणा’ म्हणून सांगितले.

वास्तविक, केवळ पडताळणी फसली म्हणून कोणाही पात्र माणसाचा लाभ नाकारला जाणार नाही, अशी हमी केंद्र सरकारने आधारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात दिली होती आणि २०१८च्या निकालात तिची नोंदही आहे. पण रांगेत मागे माणसे खोळंबलेली असताना हे कोणाला ऐकवणार? आधार केंद्रावर दहाही बोटे, दोन्ही बुबुळे आणि छायाचित्र नव्याने घेतले, माझा मोबाइल क्रमांक जोडला आणि पुढे बुबुळांवरून आबांची ई-केवायसी झाली. योजनेचा खर्च सरकार कोटींत मोजते. त्यात आबांची बुडालेली मजुरी आणि रिक्षाभाडे कुठेच नसते.

मला अधिक धास्ती वाटते ती बँक खात्याची. आधारशी जोडलेल्या खात्यातून बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. ओटीपी नाही, पिन नाही. नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे अनेक राज्यांत दाखल झाले आहेत. म्हणजे खऱ्या अंगठ्याला यंत्र नकार देते आणि नकली अंगठ्याला होकार.

म्हणून मी एमआधार अ‍ॅपमधून आबांचे बायोमेट्रिक, म्हणजे ठसे आणि बुबुळांवरून होणारी पडताळणी, लॉक केले. मात्र लॉक असेपर्यंत दुकानातले यंत्रही त्यांची ओळख पटवत नाही. धान्य आणायच्या दिवशी ते काही वेळापुरते उघडावे लागते, आणि ते माझ्या फोनवरूनच होते. शिरोलीच्या कारखान्यात पाळी चालू असताना फोन बाहेर ठेवावा लागत असल्याने आबांच्या धान्याचा दिवस आता माझ्या सुट्टीवर ठरतो.