पोटातून येणारा शब्द

आईचं खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा अकरा रात्री मी जनरल वॉर्डात तिच्या कॉटशेजारी चटई टाकून झोपायचो. मिरजेला पेशंट कुठून कुठून येतात, कोकणातनं, कर्नाटकातनं, त्यामुळं वॉर्डात मराठी, कन्नड, दखनी सगळं एकदम कानावर पडत असतं.

झोपायच्या आधी गाथेतले दोन अभंग ऐकायचे हा आईचा नेम. एका रात्री 'लेकुराचें हित वाहे माउलीचें चित्त, ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती' आला. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला अभंग, पण पुढं 'पोटीं भार वाहे' आहे तिथं कधी थांबलोच नव्हतो. शेजारच्या कॉटवर एका चाचींच्या जाऊबाई ॲडमिट होत्या, चाची ऐकत होत्या. म्हणाल्या, "हमारे में भी येइच है बेटा, रहीम का लफ्ज माँ के पेट से निकला." नंतर मी नीट वाचलं तर खरंच, रहमान, रहीम ही अल्लाहची दयाळू अशा अर्थाची नावं आणि गर्भाशयाला असलेला अरबी शब्द, तिन्हींचा धातू एकच. कुराणातल्या 114 सूऱ्यांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, 113 सुरू होतात त्या ही दोन नावं असलेल्या ओळीनंच.

त्याच रात्री दोन-अडीचला समोरच्या कॉटवरची जतकडची आजी हाक मारायला लागली, "पॉट द्या गं कुणीतरी." तिच्यासोबत कुणी नव्हतं. मी जागा होतो. मावशी येतील म्हणून डोळे मिटून पडून राहिलो. चाची उठल्या, पॉट लावला, पुसून घेतलं, लुगडं सारखं केलं आणि हात धुवून परत येऊन बसल्या. काही तासांपूर्वीच कळवळ्याचा अभंग मी वाचला होता, आणि उठल्या त्या.

ते आजही आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासून रोज पहाटे एकच पान वाचतो, मोठ्यानं, दोनदा, आणि पुस्तकं बदलत राहतो. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायात वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाची गोष्ट आहे. याजक बघून निघून जातो, मंदिरात सेवा करणारा लेवी बघून निघून जातो (इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो), आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी लोकांतल्या एका माणसाला मात्र 'कळवळा' येतो. मराठी बायबलात तुकोबांचाच शब्द! मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांसाठीच्या शब्दावरनं आलंय, म्हणजे आपण आतडं तुटलं म्हणतो अगदी तसंच. आणि मग पुढं कसलं प्रवचन नाही, जखमेवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेणं, मालकाला दोन दीनार.

बौद्धांच्या पाली मेत्त सुत्तात परत आईच आहे, एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपणारी, तसं मन सगळ्या जिवांसाठी करा म्हणतात. मेत्त म्हणजे पसायदानातलं मैत्रच, 'मैत्र जीवांचें'.

सगळे धर्म एकच असं म्हणणं मला पटत नाही हां. देवाबद्दल ते वेगवेगळं सांगतात आणि मेत्त सुत्तात तर देवाकडं मागणंच नाही. ते वेगळेपण राहू दे, त्यासाठी तर मूळ वाचायचं. विनोबा तरुणपणी आपल्या वाईत संस्कृत शिकायला राहिले होते, पुढं कुराण मुळातनं वाचता यावं म्हणून अरबी शिकले. माझ्याच्यानं अरबी होणार नाही, पण एक पान होतं.

आणि महिन्यातल्या दोन शनिवारी रात्री वॉर्डात जातो, सिस्टरना आधी सांगून. सोबत कुणी नसलेला पेशंट असला की त्याच्याजवळ बसायचं, पाणी भरून ठेवायचं, कूस बदलायला हात द्यायचा. पहिल्यांदा पॉट उचलला तेव्हा हात थरथरत होते, म्हातारबाबांनीच माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "हळू, सांडंल."