आठ मिलिमीटरचे भोक

त्या मुलाने डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडला तेव्हा माझे लक्ष आधी गेले ते त्याच्या कानाच्या पाळीकडे. पाळीच्या वरचा सगळा डावा कान सुजून जांभळट लाल झाला होता, मागून कुणी ढकलल्यासारखा डोक्यापासून बाजूला उभा राहिला होता आणि त्याच्या कडा-वळणे सुजेत बुजून गेली होती. खालची मऊ पाळी मात्र उजव्या पाळीसारखीच सावळी, मऊ आणि थंड होती. संसर्ग नुसत्या कातडीचा असता तर पाळीही सुजली असती. पाळीत कूर्चा, म्हणजे वरच्या कानाला आकार देणारा हाडापेक्षा मऊ, लवचीक सांगाडा, नसते, आणि इथे जिथवर कूर्चा होती तिथवरच कान पेटला होता. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावरच ती जगते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की हे पोषण तुटते आणि थोड्याच दिवसांत कूर्चा मरू लागते.

तो आषाढातला दिवस होता. कुडाळात पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि दवाखान्यात गर्दी नव्हती. मुलगा तेवीस वर्षांचा, मालवणजवळच्या किनारपट्टीवरचा. पर्यटकांना स्कुबासाठी नेणाऱ्या बोटीवर तो काम करत होता. सोबत त्याची आजी आली होती. अंगात ताप, रात्रभर झोप नाही, कानाला उशीही लागू देत नव्हता. कानाच्या छिद्राबाहेरची जी खोलगट वाटी, जिला टोचून घेणारी मंडळी ‘कॉन्च’ म्हणतात, तिच्यात एक काळी अ‍ॅक्रिलिकची निमुळती काडी अजून अडकलेली होती आणि तिच्या भोवतीने हिरवट पाणी येत होते. त्या पाण्याला एक गोडसर वास असतो. तो एकदा ओळखीचा झाला की प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच जंतूचे नाव मनात येते.

काय काय केलेस ते सगळे मी त्याला सांगायला लावले, आणि त्याने काहीही न लपवता सांगितले. फेब्रुवारीत एका दुकानात त्याने कानाची वाटी टोचून घेतली, 1.2 मिलिमीटर जाडीच्या दागिन्यासाठी. त्यानंतर सबंध हंगामभर तो रोज समुद्रात उतरत होता. मेअखेरीस जलक्रीडा बंद झाल्या. ऑगस्ट संपेपर्यंत आता पाण्यात जायचे नाही, तेवढ्यात भोक मोठे करून घेऊ, असा त्याचा विचार होता. त्याला आठ मिलिमीटरचे, आरपार दिसणारे भोक हवे होते. बोटीवर आलेल्या एका पाहुण्याच्या कानात त्याने तसे पाहिले होते आणि ते त्याला मनापासून आवडले होते. मग त्याने टेपरचा संच मागवला. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड अशा त्या काड्या. पाच आठवड्यांत त्याने 1.6, मग 2, मग 2.4 आणि शेवटी 3.2 मिलिमीटरची काडी खोबरेल तेल लावून आत ढकलली. शेवटच्या वेळी कानात ‘कट्’ असा आवाज आला, असे तो म्हणाला. त्याला वाटले, काडी जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी कान दुखू लागला तेव्हा त्याने हळद लावली, विहिरीच्या पाण्याने धुतला आणि मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेतल्या. ज्या जंतूचा मला संशय होता, त्याच्यावर हे औषध चालत नाही.

दागिन्याची जाडी सांगणाऱ्या ‘गेज’च्या आकड्यांनी अनेकांची अशीच फसगत होते. 16, 14, 12, 10, 8 हे आकडे सारख्या अंतराने उतरतात. जाडी मात्र 1.2, 1.6, 2, 2.4 अशी चढता चढता पुढच्याच पायरीला 3.2 वर उडी मारते. त्या एका पायरीत भोकाचा घेर साडेसात मिलिमीटरवरून दहावर जातो आणि क्षेत्रफळ पावणेदोनपटीहून अधिक होते. कातडी ताणून घेते. कूर्चा किती ताणून घेणार? आडसर, म्हणजे अर्धवट तयार झालेल्या, नारळाचे खोबरे हातात घेऊन पाहावे. थोडे वाकवले तर वाकते, सोडले की पुन्हा सरळ होते. पण त्यात बोट घालून भोक रुंद करू गेले तर ते रुंदावत नाही, त्याला चीर जाते.

मी आजींना बाहेर बसायला सांगणार होते, पण त्या माझ्या टेबलाला अगदी खेटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला कान माझ्यापुढे केला. पाळीतले भोक एवढे मोठे होते की त्यात करंगळीचे टोक सहज गेले असते. “बाय, माझ्या कानाची भोकां बघ,” त्या म्हणाल्या. “एवढा सोन्याचा वजन पेल्ला ह्यांनी, माका कधी काय झाला नाय. मगे ह्याकाच काय झाला?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नातवाची काळजी होती, आणि प्रश्न रास्त होता. नातवानेही मनात तोच हिशेब केला होता: आजीच्या कानाला जमले ते माझ्या कानाला का जमू नये?

मी त्यांच्या कानाची वरची कड हळूच चाचपली. तिथे एक बारीक, टाचणीच्या टोकाएवढी खूण होती. “ही बुगडीची ना?” त्यांनी मान हलवली. बुगडीची तार केवढी होती, असे विचारल्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात दिसेल न दिसेल एवढे अंतर दाखवले. पाळीत म्हणे लहानपणी हिराची काडी घालत, काही दिवसांनी दोन, मग तीन, असे करत भोक वाढवले. बुगडीच्या भोकात तसे कुणी कधीच केले नाही. जड कुड्यांचे वजनही पाळीवर एकटीवर सोडत नसत, वेल केसांत अडकवून ते वर उचलून धरत. आपल्याकडच्या बायकांना आणि सोनारांना कूर्चा हा शब्द ठाऊक नसेल, पण वरच्या कानाला बारीक तार आणि खालच्या पाळीला जड दागिना हा भेद त्यांच्या हातांना पक्का ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आहे. तिथेही उन्हात कान धरून नैसर्गिक पातळ जागा पाहून टोचायला आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालून भोक वाढवायला सांगितले आहे. हे सारे वर्णन कर्णपालीचे, म्हणजे पाळीचे आहे. ते मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना ऐकवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते एका रुग्णाच्या आजीच्या कानावर हात ठेवून समजावले.

दुपारी त्याला टेबलावर घेतले. सुजलेल्या कानात सुई टोचण्याऐवजी कानाच्या मुळाशी, गोल फिरत भूल दिली. मधेच वीज गेली आणि आम्ही इन्व्हर्टरवरच्या दिव्यात काम पुढे चालू ठेवले. आधी काडी काढली, मग वरच्या वळणाच्या आत, व्रण लपेल अशा ठिकाणी छेद घेतला. दोन चमचे तरी पू आला. त्याच्या तळाशी कूर्चा दिसली. निरोगी कूर्चा मोत्यासारखी पांढरी, चकाकणारी असते आणि चिमट्याने दाबली तर परत उसळते. इथे वाटीच्या कडेला ती तशीच होती. पण काडीभोवती ती पिवळट, मळकट झाली होती आणि चिमट्याच्या स्पर्शाने भुसभुशीत तुटत होती. वरच्या वळणातलाही एक पट्टा तसाच झाला होता. मेलेली कूर्चा ठेवली तर पू थांबत नाही, आणि जास्त काढली तर कानाचा आधार जाऊन तो चुरगळल्यासारखा दिसतो. तो अर्धा तास मी प्रत्येक मिलिमीटरला विचार करत होते. जिथे शंका होती तिथली कूर्चा मी ठेवली. पुन्हा छेद घ्यावा लागला तर घेऊ, पण त्याचा कान आज माझ्या हाताने गरजेपेक्षा लहान होणार नाही, असे मी ठरवले होते. शेवटी आतली जागा धुऊन निचऱ्यासाठी रबराची पट्टी ठेवली आणि कानाच्या पुढे-मागे गॉजच्या गुंडाळ्या टाक्यांनी दाबून बांधल्या, म्हणजे आवरण पुन्हा कूर्चेला चिकटेल.

त्याने काढलेला तुकडा पाहायला मागितला. मी सलाइनच्या बाटलीत ठेवलेला तुकडा दिव्यासमोर धरला. नखाएवढ्या त्या तुकड्याच्या मधोमध भोक होते आणि भोकापासून तीन चिरा निघाल्या होत्या, नारळ आदळल्यावर करवंटीला जातात तशा. तो बराच वेळ पाहत राहिला. “हाच तो आवाज,” तो म्हणाला.

त्याला दाखल करून घेतले आणि शिरेतून औषधांसोबत सिप्रोफ्लॉक्सॅसिन पहिल्याच दिवसापासून सुरू केले. अहवालात अपेक्षेप्रमाणे स्यूडोमोनास निघाला. हा ओलसर जागेत, पाण्यात राहणारा जंतू. आमच्या पावसाळ्यात त्याला कशाचीच वाण नसते.

रोज सकाळी ड्रेसिंग करताना तो प्रश्न विचारायचा, आणि ते मला आवडायचे. हौस करणाऱ्याला रागावून काही साधत नाही. माहिती नाकारली की तो पुन्हा टेपर मागवतो. म्हणून मी त्याला सांगितले की कूर्चेत एवढे मोठे भोक करणारे जाणते लोक सहसा ते ताणून वाढवत नाहीत. त्वचेचा नमुना घेण्यासाठी आम्ही जी गोल पात्याची नळी वापरतो, तशा पंचने ते कूर्चेची एक चकती कापून काढतात आणि त्याच मापाचा दागिना लगेच घालतात. त्यात कूर्चेवर ताण येत नाही, चीर जात नाही. पण कापलेली कूर्चा परत येत नाही, ते भोक आयुष्यभर राहते आणि बरे व्हायला वर्षभरही लागू शकते. आणि टोचलेली कूर्चा वाढवायचीच झाली तर आधी पूर्ण बरी होऊ द्यावी लागते, मग अर्ध्या मिलिमीटरची पायरी, दोन पायऱ्यांमध्ये कित्येक महिने. दुखले किंवा अडले की तिथेच थांबायचे. टायटॅनियमचा गुळगुळीत दागिना चालतो. अ‍ॅक्रिलिक ओल्या जखमेत घालायचे नाही.

“म्हणजे एका पावसाळ्यात होण्यासारखे नव्हतेच,” तो म्हणाला.

“नव्हते.”

सप्टेंबरच्या मध्यावर तो तपासणीला आला, या वेळी एकटाच. बोटी सुरू झाल्या होत्या. मी अजून महिनाभर पाण्यात उतरायला मनाई केली होती आणि तो बोटीवर सिलिंडर भरण्याचे काम करत होता. वाटीत एक आत ओढलेला व्रण होता, वरचे वळण थोडे बसले होते, पण कान कानासारखा राहिला होता. त्याने विचारले, दोन्ही कानांत किती फरक पडला? मी पट्टी लावून मोजले. उजवा 63 मिलिमीटर, डावा 58. केसपेपरवर दोन्ही आकडे लिहिले, तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढून त्या ओळीचा फोटो घेतला. “आजीनं विचारलंय,” तो म्हणाला.