सहा टाके खाली

शनिवारच्या माझ्या विणकामाच्या वर्गात आठजणी येतात. वेणीचा स्वेटर सुरू झाला की पहिली तक्रार ठरलेली: "मॅडम, अंगात जातच नाही हो!" कसा जाईल? वेणी रुंदी खाते. काठ संपला की सहा टाक्यांच्या वेणीमागे एक-दोन टाके वाढवायचे, आणि मापाचा तुकडा वेणीसकट विणायचा. व्हिडिओवाले सुईचं टोक तेवढं छान दाखवतात, हे कुणी सांगत नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंच्या स्वेटरची पाठ मात्र अगदी मापात होती. आठ नंबरच्या सुया, राखाडी लोकर, मधोमध दोन वेण्या. डावीचे तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, म्हणजे पीळ डावीकडे झुकतो. उजवीचे मागे धरायचे, की तो उजवीकडे. दर आठव्या ओळीला पीळ.

मी पाठ खिडकीशी धरली आणि खटकलंच. डाव्या वेणीचा वरून चौथा पीळ उलटा. टाके पुढे धरायचे ते मागे गेले होते. ओळी मोजल्या, 28 निघाल्या.

"एवढं उसवायचं?" कुणीतरी म्हणालं. बस्स, मला चेव आला. सगळं कशाला उसवायचं? त्या वेणीचे सहाच टाके सुईवरून काढले आणि खाली ओढत नेले. आजूबाजूची वीण जागच्या जागी, मधे 28 धाग्यांची शिडी. दोघींनी तोंडावर हात ठेवला. खरी लोकर होती म्हणून टाके धरून राहतात. ॲक्रिलिक असतं तर आणखी खाली पळाले असते.

मग दोन्ही टोकं असलेल्या छोट्या सुया घेतल्या. आधी पीळ सुधारला, नंतर सगळ्यात खालच्या धाग्यापासून वर यायला लागले. एका धाग्यात सहा टाके, दर वेळी उजवीकडून. पहिले पाच ऐटीत बसतात आणि सहाव्याला धागा पुरत नाही, म्हणून सुईच्या टोकानं प्रत्येकाकडून थोडा थोडा मागून घ्यायचा. मला हे काम फार आवडतं.

हात चालू होते आणि तोंडही. एक म्हणाली, आयर्लंडच्या अरन बेटांवर घराण्यागणिक वेणी वेगळी असते, बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखायचे. मी म्हटलं, दंतकथा आहे ती. 1904 सालच्या एका आयरिश नाटकात बहीण भावाचा मोजा ओळखते, पण नक्षीवरून नाही. विणताना तिच्या हातून चार टाके गळले होते, त्यावरून.

पाऊण तासानं वेणी पुरी झाली. टाळ्यासुद्धा पडल्या. काकूंनी पाठ उलटून मागची बाजू पाहिली, नीट घडी घातली.

"मला दिसला होता तो, मॅडम. म्हणून तर आणलं. म्हटलं, आज खाली उतरायला शिकू."

"अहो, मग आधी बोलायचंत ना!" मी म्हटलं. म्हणजे चूक पुन्हा त्यांचीच. बारा वर्षं शिकवतेय मी. घरी आल्यावर लक्षात आलं, काम माझ्या मांडीवर, माझ्याकडे तोंड करून होतं. त्या आठजणींना दिसलं काय असेल, तर माझी कोपरं.

पुढच्या शनिवारी काकू पुढचा भाग घेऊन आल्या. डाव्या वेणीत वरून तिसरा पीळ उलटा. चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही. सहा टाके त्यांनीच सोडले. पीळ बरोबर घेतला. पाचव्या ओळीला एक धागा वगळून वरचा उचलला. वगळलेला मागे लोंबत होता, मला इकडून दिसत होता. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले. चहा कधीच संपला होता.

आणखी सात ओळी विणून झाल्यावर त्यांनी काम उलटलं.

"अगं बाई," म्हणाल्या, आणि परत खाली उतरल्या.

वर्ग सुटला तेव्हा नऊ धागे उरले होते. सहा टाके सेफ्टी पिनेत अडकवून त्या ते तसंच घरी घेऊन गेल्या.