तुला कुणी सांगितलं होतं?

होमुरा तोंड पाडून बसत नाही. हे आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. होमुरा म्हणजे 'मादोका मॅजिका' या जपानी मांगातली, म्हणजे चित्रकथेतली, जादूची मुलगी. मैत्रीण मादोकाला वाचवायला काळात मागे जाऊन तोच महिना पुन्हा पुन्हा जगणारी.

जी होमुरा आपल्याला पहिल्या प्रकरणापासून दिसते, ती दोनदाच कोसळते. एकदा बागेत, क्युबेची (इच्छा पुरी करतो म्हणून मुलींना जादूच्या मुली बनवणारा प्राणी) गोळ्यांनी चाळण करून झाल्यावर, आणि एकदा शेवटाला, वालपुर्गिसची रात्र, म्हणजे शहर उद्ध्वस्त करणारी सगळ्यात मोठी चेटकीण, दारात येऊन ठेपलेली असताना. दोन्ही वेळा मादोकासमोर. एरवी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. याला तोंड पाडून बसणं म्हणत नाहीत. पण मनूला कोण सांगणार? मांगाचे तिन्ही भाग परत द्यायला आली होती. चपला घालता घालता म्हणाली, "मावशी, होमुरा म्हणजे अगदी तू. कुणाला काही सांगायचं नाही, आणि कुणाला कळलं नाही की तोंड पाडून बसायचं."

हसत म्हणाली. मीही हसले. लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा गेले.

आता साडेअकरा वाजलेत आणि मी पलंगावर तिन्ही भाग पसरून बसले आहे, उद्या सुनावणी असलेल्या वकिलासारखी.

मुळात ती सांगत नाही, हा आरोपच खोटा आहे. सांगितलं होतं तिने. तिसऱ्या खेपेला, म्हणजे तोच महिना तिसऱ्यांदा जगताना, बाकीच्या जादूच्या मुलींना समोर घेऊन सांगितलं होतं की क्युबे फसवतोय, जादूच्या मुलींचीच पुढे चेटकीण होते. काय झालं? सायाका म्हणाली, ही आपल्यात फूट पाडायला आलीये, आणि वर हिच्या बॉम्बमुळे लढणंही मुश्किल होतंय. मग सायाकाचीच चेटकीण झाली तेव्हा कुठे पटलं. आणि पटल्यावर मामीने काय केलं? क्योकोला मारलं, होमुराला बांधून घातलं, आता आपण सगळ्यांनीच मरायला हवं म्हणाली. मादोकाचा बाण वेळेवर सुटला म्हणून होमुरा वाचली. एकदा खरं बोलल्याचा हा निकाल. त्यानंतर तिने चष्मा काढला, वेण्या सोडल्या आणि ठरवलं की यापुढे कुणावर विसंबायचं नाही.

मी मनूला हे म्हणायला हवं होतं, पण लिफ्ट आली.

आज ती पानं पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट खटकली, आणि ती मनूच्या बाजूची आहे. हे सगळं फार भराभर उरकलंय. मूळ बारा भागांचं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, चित्रकार हानोकागेने तीन पुस्तकांत बसवलं. तिन्ही 2011 मध्येच निघाली, म्हणजे ॲनिमे सुरू होतं त्याच वर्षी. घाई दिसते. तिसऱ्या खेपेचा तो अख्खा महिना, न ऐकलं जाण्याचा, हातावर मोजण्याइतक्या पानांत संपतो. ॲनिमेतही त्याला फार वेळ नाहीच, पण तिथे निदान आवाज आहेत, सायाकाच्या आवाजातला तुसडेपणा कानात राहतो. कागदावर तो एक फुगा होऊन येतो आणि पुढच्या चौकटीत विरून जातो. मग होमुराचं गप्प राहणं तेवढं लक्षात राहतं, त्यामागचं कारण निसटतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती घुमी वाटली तर त्यात वाचणाऱ्याचा काय दोष?

पण मग त्याच कागदाने जे दिलंय ते कुठल्याही पडद्याला जमलेलं नाही. पहिल्या प्रकरणात ही नवी मुलगी वर्गात येते, बरं वाटत नाही म्हणते, आणि मादोकाला घेऊन शाळेच्या दवाखान्याकडे निघते. घेऊन! पुढे ती आणि मागे मादोका. नव्या मुलीला रस्ता कसा माहीत, हे मादोकालाही कळत नाही. आणि मग कॉरिडॉरमध्ये वळून ती विचारते, तुला तुझा जीव मोलाचा वाटतो का, घरचे, मैत्रिणी मोलाच्या वाटतात का. पहिल्या वाचनात वाटतं, काय आगाऊ कार्टी आहे. मग दहावं प्रकरण येतं आणि त्यातल्या पहिल्या खेपेला तोच कॉरिडॉर असतो. आता पुढे मादोका आहे आणि मागून वेण्यावाली, हृदयाच्या आजारातून नुकतीच उठलेली, दबकत चालणारी होमुरा. मादोका तिला म्हणते की तुझं नाव किती छान आहे, आगीसारखं. या मुलीला जन्मात कुणी असं काही म्हटलेलं नाही.

मी एक बोट पहिल्या भागात अडकवते, तिसरा भाग मांडीवर उघडते. दोन्ही कॉरिडॉर एकाच वेळी डोळ्यांसमोर. काळात मागे जाणाऱ्या मुलीची गोष्ट वाचताना वाचणाऱ्यानेही असं मागे जाऊन येणं, हे पुस्तकातच होतं. रंग गेले, हे खरं. चेटकिणींच्या चक्रव्यूहांची जी कात्रणकला गेकिदान इनु करी या जोडीने ॲनिमेत केली होती, ती काळ्यापांढऱ्यात नुसती गिचमिड झाली आहे, त्यावर काही बोलण्यात अर्थ नाही. पण चेहरे हानोकागेला कळतात. चष्मेवाल्या होमुराच्या डोळ्यांत भीती आहे. नंतरच्या होमुराच्या डोळ्यांत भीती नाही, आणि ती नाही हेच भयंकर आहे.

तर मुद्दा. (मुद्दा होता का काही?)

तोंड पाडून बसणं मला लागलं नाही. दुसरंच काहीतरी लागलंय. आमच्या घरात एक वाक्य आहे, सगळ्यांच्याच घरात असेल. कुणी फार केलं, आणि केल्यानंतर एक सुस्कारा जरी टाकला, की लगेच, "तुला कुणी सांगितलं होतं एवढं करायला?" आजी आईला म्हणायची. आई मला म्हणाली, त्या वर्षी, फाइली माझ्या मांडीवर असताना. दादा तर फोनवरूनही म्हणू शकतो. मनू म्हणाली नाही, पण तिच्या त्या हसण्यात ते होतं. किंवा मला ऐकू आलं.

आणि होमुराला कुणी सांगितलं होतं?

सांगितलं होतं! इथेच तर सगळी गोम आहे. पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा तिने स्वतःच मागून घेतलं होतं, की मादोकाशी झालेली भेट पुन्हा घडू दे, आणि या वेळी मी तिचं रक्षण करणारी असू दे. पण तिसऱ्या खेपेच्या शेवटी दोघी चिखलात आडव्या पडलेल्या असतात. शहर संपलंय, दोघींची रत्नं काळवंडत चाललीयेत (जादूच्या मुलीचा जीव त्या रत्नात असतो, ते पुरतं काळं झालं की तिची चेटकीण होते). होमुरा म्हणते, चल, दोघी राक्षस होऊ, सगळं मोडूनतोडून टाकू. आणि मादोका लपवून ठेवलेलं, काळेपणा शोषून घेणारं शेवटचं बीज काढून होमुराचं रत्न स्वच्छ करते. स्वतःचं नाही. म्हणते, तुला मागे जाता येतं ना, मग क्युबेच्या थापांना भुलण्याआधीच्या त्या मूर्ख मला वाचवशील? आणि नंतर, आता मला चेटकीण होऊ देऊ नकोस. होमुरा पिस्तूल उचलते.

म्हणजे तिला कामाला लावणारी व्यक्ती तिनेच, त्याच रात्री, त्याच व्यक्तीच्या सांगण्यावरून संपवली. मग तिच्या ढालीतली वाळू उलटते, काळ मागे जातो, ती दवाखान्याच्या पलंगावर जागी होते, आणि शाळेत जी मादोका भेटते तिने काहीच सांगितलेलं नसतं. तिला काही वाचवून घ्यायचंही नसतं. तिला फक्त एक थंड मुलगी दिसते जी तिच्यावर हुकूम सोडते, बदलू नकोस, आहेस तशीच राहा. वचन एकीला दिलंय आणि पाळतेय दुसरीसाठी. या दुसरीने विचारलं, की तुला कुणी सांगितलं होतं, तर होमुराकडे उत्तर आहे. पण साक्षीदार नाही.

मला नाही वाटत इतकं नेमकं कुणी लिहिलंय. मूळ कथा ॲनिमेचा लेखक गेन उरोबुची याची, श्रेय त्याला. कालप्रवासाच्या गोष्टींत बहुतेक सगळे घड्याळाचा हिशोब मांडत बसतात. इथे हिशोब माणसांचा आहे. शिवाय त्याला व्याजही लागतं. प्रत्येक खेपेला होमुराने मादोकाला केंद्र करून जग पुन्हा सुरू केलं, म्हणून त्या सगळ्या जगांचे धागे मादोकाभोवती गुंडाळले गेले, आणि ती प्रत्येक वेळी आणखी शक्तिमान, म्हणजे क्युबेसाठी आणखी लठ्ठ सावज होत गेली. जितकं सांभाळलं तितकं तिला संकटात ढकललं. हे होमुराला कोण सांगतं? क्युबे. एका बैठकीत, शेपूट हलवत, गणिताच्या मास्तरांसारखं. ही मला या मांगातली सगळ्यात कमजोर जागा वाटते. एवढी जीवघेणी गोष्ट, आणि ती घडताना दिसत नाही, भाषणात कळते. क्युबे बोलायला लागला की पानावर फुगेच फुगे होतात. विश्वाची ऊर्जा संपत चालली आहे वगैरे प्रकरण तर मी दर वेळी तिरकं वाचते.

चौथ्या खेपेबद्दल लिहायचं नव्हतं, पण. मादोका एका घावात वालपुर्गिसला संपवते आणि स्वतः त्याहून मोठी चेटकीण होते. क्युबे म्हणतो, आता उरलेलं तुम्ही माणसं बघून घ्या. होमुरा म्हणते, माझी लढाई इथे नाही, आणि चालती होते. त्या जगात मादोकाची आई आहे, धाकटा भाऊ आहे. पुस्तक त्यांच्याकडे वळून बघत नाही. होमुराही नाही. मी मात्र दर वेळी तिथे पान उलटायला उशीर करते.

असो.

साडेबारा. पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थोडं रडूही आलं, ते होमुरासाठी नव्हतं हे लिहायची गरज नाही. वाटलं, तिला शेवटी निदान मिळालं तरी. मादोका जगाचा नियमच बदलते, सगळ्या काळातल्या चेटकिणी जन्मण्याआधीच पुसून टाकायचं मागते, आणि त्यासाठी सगळ्या काळांत एकाच वेळी असते. त्यामुळे तिला सगळं दिसतं, होमुराने प्रत्येक खेपेला काय काय केलं ते. ती होमुराला मिठीत घेऊन म्हणते, तू माझी सगळ्यात जिवलग मैत्रीण होतीस. आणि रिबिनी देते. वर्षानुवर्षं मी त्या पानावर रडत आलेय.

आज मात्र तिथेच हसू फुटलं. कारण पाणी पिता पिता त्या सोयीचा खरा अर्थ लक्षात आला. होमुराने काय केलं हे एका माणसाला कळावं म्हणून त्या माणसाला देव व्हावं लागलं! त्याहून कमी काही चाललं नसतं. तोंडाने सांगून झालं, तेव्हा मारामाऱ्या झाल्या. शेवटी रडून सांगितलं, तेव्हा मादोका नुसती ऐकत उभी राहिली. कळलं ते थेट देवपदाला पोचल्यावर. आमच्याकडे एवढी तयारी कुणाची दिसत नाही. ताईला तर गॅसचा नंबर लावायलाही आठवण करावी लागते.

मग कपाटातून तो दुसरा मांगा काढला, चार चौकटींच्या विनोदांचा, अफ्रोने काढलेला. पुढे कॅम्पिंगवाल्या मुलींच्या गोष्टीने ज्याचं नाव झालं, तोच अफ्रो. समांतर जगं कायम समांतरच राहतील असं काही नाही, अशा अर्थाचं लांबलचक उपशीर्षक आहे त्याचं. त्यात होमुराच्या त्याच फेऱ्यांची थट्टा आहे. प्रत्येक खेपेला काहीतरी भलतंच चुकतं, आणि बिचारी गंभीर चेहऱ्याने पुन्हा चक्र फिरवते. पूर्वी मला हा मांगा म्हणजे अपमान वाटायचा. आज दोनचार पानांवर चांगली खिदळले. खरं सांगायचं तर मूळ तीन भागांत जे नाही ते इथे आहे. होमुराला कुणीतरी चिडवतंय. मूळ गोष्टीत तिच्यावर सगळे संशय घेतात, घाबरतात किंवा कृतज्ञ होतात. बरोबरीने चिडवणारं कुणी नाही. क्योको थोडी त्या वाटेने जाते, पण तिला जागाच कमी मिळाली आहे. मूळ मांगाची ही खरी उणीव, रंगांहून आणि घाईहून मोठी. पाच मुलींची गोष्ट म्हणायची, आणि पाची जणी एकत्र बसून काही खातायत असं एक धड पान नाही.

मनू चिडवत होती का? बहुधा. तिला ते जमतं, आणि तिने तिन्ही भाग शेवटपर्यंत वाचलेत, हेही आहेच. तिच्या बाकीच्या मैत्रिणींना पहिल्याच भागातल्या गोंडस मुली बघून "हे लहान मुलांचं आहे" वाटलं म्हणे.

आत्ता मेसेज बघितला. "मावशी पुढचे आहेत ना? ते बंडवाले?" आहेत. 'रिबेलियन', म्हणजे बंड, या 2013 च्या चित्रपटावरून हानोकागेनेच केलेले. त्यात होमुरा कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही, कुणाची परवानगी घेत नाही, आणि खुद्द मादोका न्यायला आलेली असताना तिचेच हात धरून जे करते ते केल्यावर माफीही मागत नाही. ते वाचून मनू काय म्हणेल याची मला थोडी धास्ती आहे. पण शनिवारी ये आणि घेऊन जा, असं लिहून टाकलंय. वाद झाला तर या वेळी लिफ्टपाशी करायचा नाही, बसून करायचा. मी होमुराच्याच बाजूने बोलणार.