तंबाखूला चुना कशाला?

आमच्या अण्णांच्या कमरेला चंची असायची. तळहातावर तंबाखू, त्यावर नखभर चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठात बार. निपाणीच्या आसपासच्या गावांत हे न पाहिलेलं पोर सापडायचं नाही. "चुना कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. "त्याशिवाय लागत न्हाई गं," एवढंच उत्तर मिळालं.

आता मी पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी ते उत्तर फळ्यावर उलगडते.

सुरुवात हिवतापावरच्या क्विनीनपासून करते, कारण तिथं काय होतं ते डोळ्यांना दिसतं. सिंकोनाच्या सालीतलं हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं अल्कधर्मी द्रव्य, 1820 मध्ये पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी वेगळं काढलं. नुसत्या पाण्यात पांढरी पूड तशीच राहते. विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडले की पाणी नितळ होतं. परीक्षानळी खिडकीतल्या उन्हात धरली तर निळसर झाक दिसते. मग अमोनिया घातला की पुन्हा दुधासारखा साका. मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरती पुढं येतात.

अल्कलॉइडच्या रेणूत नायट्रोजन असतो. आम्लात प्रोटॉन भरपूर. नायट्रोजन त्यातला एक उचलतो, रेणूवर धन भार येतो, क्षार तयार होतो आणि पाणी त्याला सामावून घेतं. अल्कली घातली की तो प्रोटॉन निघून जातो. बिनभाराचा क्विनीनचा रेणू मग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलाचरबीत मात्र रमतो.

तंबाखूतलं निकोटीन हेही अल्कलॉइडच, पण जरा वेगळं. साध्या तापमानाला ते दोन्ही रूपांत पाण्यात मिसळतं. पण गालाच्या आतल्या कातडीचे पेशीपडदे स्निग्ध. त्यांतून बिनभाराचं रूपच सहज पार होतं. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. पीएच 6 ला शंभरातला जेमतेम एक रेणू बिनभाराचा, 8 ला निम्मे, 9 ला नव्वदच्या आसपास. चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर. अण्णांचं "लागत न्हाई" ते हेच.

हिरव्या पानात निकोटीन मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांबरोबर क्षाररूपात असतं, म्हणून पाण्यात सहज उतरतं. आई पहाटे दहिवरानं भिजलेल्या तंबाखूत शेंडे खुडायला जायची. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. दुपारी मळमळ, उलट्या, डोकं गरगरायचं. घरात म्हणायचे, पित्त झालं. त्या दवात निकोटीन उतरून तिच्या कातडीतून आत जात होतं, हे कळायला मला कॉलेज गाठावं लागलं. दव वाळल्यावर शेतात जा, एवढं तरी तिला कुणी सांगायला हवं होतं. त्याचा राग मला अजून आहे.

अण्णा तोंडाच्या कर्करोगानं गेले. तंबाखूत कर्करोग करणारी मुख्य द्रव्यं वेगळी, नायट्रोसामाइन्स. पण माणसाला पुन्हा पुन्हा चंचीकडे नेतं ते निकोटीन. म्हणून यंदा काकांनी तंबाखू सोडायचं ठरवलं तेव्हा मी मागंच लागले. डॉक्टरांनी निकोटीनचा च्युइंगम दिला, 2 मिलिग्रॅमचा. आठवड्यानं फोन आला, "काय उपयोग न्हाई बघ ह्याचा."

कधी खाता विचारलं, तर दुपारी लिंबू सरबत पिऊन लगेच! त्या च्युइंगममध्ये कार्बोनेट घातलेलं असतं, तोंडातली लाळ अल्कधर्मी राहावी म्हणून. चुन्याचंच काम, पण सौम्य. सरबतानं तेच मारलं. निकोटीन भार घेऊन लाळेत राहिलं आणि लाळेबरोबर पोटात गेलं, गालातून आत शिरलंच नाही.

"काका, आधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. चघळताना पण नाही."

"ताक चालतंय की?"

"ताक आंबटच की."

"मग काफी?"

"तीपण नको."

जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. घड्याळ लावतो."